आजारी प्रवाळाची शुश्रूषा

स्मरणिकेसाठी काही लिहावे असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा मधुमेह किंवा रक्तदाब यांवर पुन्हा एकदा लिहिण्याचे माझ्या जिवावर आले. ते विषय आपण सर्वजण दिवसभर दवाखान्यात हाताळतोच. म्हणून या वेळी एका निराळ्याच रुग्णाची हकिकत सांगतो. या रुग्णाला नाडी नव्हती, रक्त नव्हते. तोंडे मात्र सहा होती, आणि वाचा एकालाही नव्हती.

२०१९ साली आम्ही उभयता अमेरिकेत ह्यूस्टन येथे चिरंजीवांकडे चार महिने राहावयास गेलो होतो. त्याच्या दिवाणखान्यात सुमारे साडेतीनशे लिटरचे खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय आहे. त्यात मासे थोडे आणि प्रवाळ अधिक. त्यांपैकी ‘हॅमर कोरल’ नावाचा एक सहा फांद्यांचा प्रवाळ त्याचा विशेष लाडका. याच्या प्रत्येक संस्पर्शकाचे टोक इवल्याशा हातोडीसारखे असते आणि पाण्याच्या प्रवाहात ही सारी टोके डोलत असतात. आम्ही पोहोचल्यावर आठवड्याभरातच हा प्रवाळ मिटू लागला. फांद्यांच्या कडेचे मांस मागे सरकून पांढरा सांगाडा दिसू लागला. एके सकाळी दोन फांद्यांवर तपकिरी, बुळबुळीत थर आला होता.

चिरंजीव धास्तावला होता. त्याने दोन दिवसांत प्रवाळाची जागा बदलली, दिव्याचा प्रकाश वाढवला, खाद्य दुप्पट केले आणि तीन निरनिराळ्या बाटल्यांतील द्रावणे ओतली. “बाबा, अजून काय करू?” असे त्याने विचारले. मी म्हणालो, “आता काहीच करू नकोस. आधी काय काय केलेस ते तारीखवार सांग.”

रुग्णाची शरीररचना

प्रवाळ हा प्राणी आहे. पॉलिप म्हणजे एक मऊ पिशवी. तिला एकच तोंड आणि तोंडाभोवती दंश करणारे संस्पर्शक. समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन तो आपल्या तळाशी चुनखडीचा सांगाडा रचतो. त्याच्या पेशींत सूक्ष्म एकपेशीय शैवाले राहतात. ती प्रकाशसंश्लेषण करून यजमानाला शर्करा पुरवतात आणि यजमान त्यांना निवारा व नत्रयुक्त उत्सर्ग देतो. प्रवाळाचा बराचसा रंग या भाडेकरूंमुळेच असतो.

यावरून निदानातला पहिला फरक ध्यानात येतो. पाणी फार तापले किंवा प्रकाश एकाएकी वाढला तर शैवालांपासून घातक ऑक्सिजन संयुगे तयार होतात आणि प्रवाळ त्यांना बाहेर काढतो. मग तो पांढरा पडतो, परंतु त्याचे मांस पारदर्शक रूपात शाबूत असते. तो उपाशी असतो, मेलेला नसतो. याउलट मांसच नाहीसे होऊन उघडा सांगाडा दिसत असेल तर ती ऊतींची हानी होय. पहिल्यात सावली आणि संयम यांनी पुष्कळदा गुण येतो. दुसऱ्यात कारण शोधून थांबवावे लागते. आमचा रुग्ण दुसऱ्या प्रकारचा होता.

पूर्वेतिहास आणि तपासण्या

तपमान २५.५ अंश सेल्सिअस, क्षारांचे प्रमाण हजारी ३५, कॅल्शियम ४२० आणि मॅग्नेशियम १३०० भाग प्रतिदशलक्ष: सारे यथास्थित होते. शेजारच्या प्रवाळाचे लांब दंशतंतू रात्री पोहोचतात काय, हे मी विजेरी घेऊन पाहिले. पोहोचत नव्हते. किडे किंवा चपटे कृमीही आढळले नाहीत.

राहिली अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची शक्ती. प्रवाळपालक ती जर्मन अंशांत, ‘डीकेएच’मध्ये मोजतात. ८.५ डीकेएच म्हणजे लिटरमागे सुमारे ३ मिलिइक्विव्हॅलंट. आपल्या प्लाझ्मातील २४च्या मानाने हा साठा किती तुटपुंजा! सांगाडा रचताना प्रवाळ हा साठा सतत वापरत असतो, म्हणून चिरंजीवाने थेंब थेंब द्रावण सोडणारा पंप बसवला होता. आमच्या आगमनापूर्वी तो दहा दिवस कामानिमित्त बाहेरगावी होता. त्या काळात पंपाच्या नळीच्या टोकाशी क्षार साचून ती तुंबली, एखादी शिरेतील सुई तुंबावी तशी. परत आल्यावर त्याने मोजले तर आकडा ६ वर आलेला. घाबरून त्याच संध्याकाळी त्याने हिशेब करून तूट एकरकमी भरून काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा ९.५.

त्याच्या वहीतले हे दोन आकडे वाचताच मी क्षणभर गप्प झालो. १९७९ साली मी निवासी डॉक्टर असताना माझ्या वॉर्डात एक बाई आल्या होत्या. बरेच दिवस उलट्या, ग्लानी, सोडियम १०८. मी रात्रभर जागून तीव्र सलाईन दिले आणि सकाळी सोडियम १३२ वर आणले. बाई शुद्धीवर आल्या, माझ्याशी बोलल्या. मला धन्यता वाटली. तिसऱ्या दिवशी त्यांची वाचा गेली, मग हातपाय गेले. हळूहळू उतरलेले सोडियम झपाट्याने चढवले तर मेंदूतील मज्जावरण उद्ध्वस्त होते, ही गोष्ट त्या काळी आम्हा कनिष्ठांना कोणी शिकवली नव्हती. आज चोवीस तासांत ८ ते १० मिलिइक्विव्हॅलंटची मर्यादा प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. त्या बाईंच्या यजमानांनी जाताना माझे आभार मानले होते. ते आभार मी अजून विसरलेलो नाही.

प्रवाळाला मेंदू नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही तत्त्व तेच. उणिवेशी त्याने दहा दिवसांत जुळवून घेतले होते. घात केला तो भरपाईच्या वेगाने. मुलाला मी एवढेच म्हणालो, “तुझी चूक मी ओळखतो, कारण ती माझीही आहे.”

उपचार

पहिले काम म्हणजे नवी औषधे बंद. अल्कलिनिटी ९.५ वरून मुद्दाम खाली ओढली नाही. नळी साफ करून पंपाची मात्रा कमी ठेवली आणि आकडा आपोआप ८.५ पर्यंत उतरू दिला. दिवसाकाठी एका डीकेएचपेक्षा अधिक फरक पडू द्यावयाचा नाही, हा दंडक.

दुसरे काम तातडीचे होते. तो तपकिरी थर म्हणजे सडणारे मांस, जीवाणू आणि ते मांस खाणारे पक्ष्माभिकी प्रजीव यांचा लगदा. प्रवाहाबरोबर तो शेजारच्या फांद्यांवर पसरतो. म्हणून प्रथम प्रवाह बंद केला, लगदा मोठ्या सिरिंजने ओढून घेतला आणि मगच प्रवाळ निराळ्या भांड्यात काढला. सडलेल्या दोन फांद्या निरोगी मांसापासून दूर, नुसत्या सांगाड्यातून कापायच्या होत्या. चिरंजीवाने खणातून जे हत्यार काढले ते पाहून मला हसू आले: अस्थिशल्यचिकित्सक वापरतात तो बोन कटर! प्रवाळपालकांचे ते नेहमीचे हत्यार असल्याचे कळले.

उरलेल्या चार फांद्यांना मत्स्यालयाच्याच पाण्यात ल्यूगॉलचे आयोडीन घालून दहा मिनिटे स्नान दिले. द्रावण फिक्या चहाच्या रंगाचे. थायरॉईडच्या शस्त्रक्रियेपूर्वी देत असू तेच हे औषध. नंतर स्वच्छ खाऱ्या पाण्यात बुडवून रुग्ण परत ठेवला. वापरलेले द्रावण मत्स्यालयात ओतू नये.

तिसरे काम परिचारिकेचे. जागा एकच, खालच्या बाजूची, मंद प्रकाशाची. प्रवाह असा की संस्पर्शक हलावेत पण मांस सांगाड्यावर घासू नये. तीन दिवसांनी दहा टक्के पाणी बदलले. नव्या पाण्याचे तपमान आणि क्षार जुन्याशी जुळवूनच. बाष्पीभवनाची तूट रोज शुद्ध गोड्या पाण्याने भरली, कारण वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहते. नायट्रेट आणि फॉस्फेट मात्र शून्यावर आणले नाहीत. अतिस्वच्छ पाण्यात प्रवाळ आणि त्याची शैवाले, दोघेही उपाशी मरतात. खाद्य तोंड उघडेपर्यंत बंद. बेशुद्ध रुग्णाला आपण घास भरवत नाही.

चौथे काम सर्वांत कठीण होते: रोज सकाळी एकदा पाहायचे आणि हात लावायचा नाही. चिरंजीवाला ते जमेना, म्हणून वही मी माझ्याकडे घेतली. नवव्या दिवशी आणखी एक फांदी गेली. तीही कापली. उरल्या तीन. सतराव्या दिवशी त्यांपैकी एकीचे संस्पर्शक दुपारी थोडे बाहेर आले. चोविसाव्या दिवशी तिन्ही उमलल्या, तेव्हा कोळंबीसारख्या मायसिसचा एकेक बारीक तुकडा दिला. त्यांनी तो धरला आणि गिळला. घरात त्या दिवशी शिरा झाला.

आपल्यासाठी दोन टिपणे

हा छंद असलेले रुग्ण आपल्याकडेही येऊ शकतात. झोअँथिड नावाच्या बटनांसारख्या प्रवाळांपैकी काहींत, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते. ते पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप बिघडवते. असे खडक उकळल्याने किंवा घासल्याने वाफ व तुषार श्वासात जाऊन ताप, धाप आणि स्नायूंच्या वेदना होतात. डोळ्यात तुषार गेल्यास पारपटलाला इजा होते. हातमोजे आणि चष्मा अपरिहार्य. दुसरे, बोटावर किंवा हातावर महिनोन् महिने न भरणारी गाठ, नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणारी, दिसली तर “घरी मत्स्यालय आहे का?” असे जरूर विचारावे. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जंतू सुमारे ३० अंशांवर चांगला वाढतो; प्रयोगशाळेला तशी सूचना दिली नाही तर ३७ अंशांवरच्या संवर्धनात तो हुलकावणी देऊ शकतो.

आणखी एक गोष्ट. भारतात खडक रचणारे कठीण प्रवाळ घरी बाळगण्याचा मोह कोणी धरू नये. २००१ पासून त्यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. ते योग्यच आहे. १९९८, २०१६ आणि २०२४ या वर्षांत तापलेल्या समुद्राने आपल्याही प्रवाळांना पांढरे पाडले. तिथे पंपाची नळी साफ करून भागणार नाही. बडोदेकरांना मात्र प्रवाळ पाहण्यास फार दूर जावे लागत नाही. जामनगरजवळ नरारा येथे, कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यानात, ओहोटीच्या वेळी घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून जिवंत प्रवाळ पाहता येतो. फक्त पाऊल कोठे पडते ते पाहावे.

आम्ही परतल्यानंतर पाचव्या महिन्यात चिरंजीवाने एक छायाचित्र पाठवले. तीन फांद्या पूर्ण फुललेल्या, आणि मधल्या फांदीच्या बुडाशी तांदळाच्या दाण्याएवढे एक नवे तोंड. सोबत वहीच्या पानाचेही चित्र होते. त्या आठवड्यातील अल्कलिनिटीच्या नोंदी: ८.४, ८.५, ८.५, ८.४. खाली त्याने लिहिले होते, “बाबा, हात लावलेला नाही.”