स्वेटर कुणी घातला?

चित्रपट चालू असताना काकू गप्प बसतील, अशी माझी समजूत होती. काकू म्हणजे माझ्या चुलतसासूबाई. वय ऐंशीच्या पुढे, इंग्रजी बेताचेच, आणि इंग्रजी चित्रपटांतली माणसे 'तोंडातल्या तोंडात पुटपुटतात' हे त्यांचे जुने गाऱ्हाणे. पण त्या दुपारी मी स्टीफन हॉकिंग यांच्या आयुष्यावरचा 'द थिअरी ऑफ एव्हरीथिंग' घरी लावला आणि काकू निवडायला घेतलेली गवार मांडीवर ठेवून पाहत बसल्या. अधूनमधून मी अर्थ सांगत होते.

त्यात एक प्रसंग आहे. हॉकिंगचे हात आता कामातून गेले आहेत. त्याची बायको जेन त्याला लोकरीचा स्वेटर घालते आहे. तो डोक्यातून अर्धा उतरला आहे, तोच बाळ रडते आणि ती तशीच धावत जाते. हा बिचारा स्वेटरमध्ये अडकून बसलेला! विणीच्या फटींतून त्याला समोरच्या शेकोटीतले निखारे दिसतात. आणि त्या धुगधुगीकडे पाहता पाहता, ज्यातून प्रकाशही सुटत नाही असे आपण समजतो त्या कृष्णविवरातूनही उष्णता बाहेर पडत असली पाहिजे, ही कल्पना त्याला सुचते. मोठा सुरेख प्रसंग. मी भारावून जाऊन काकूंना तो समजावून दिला. त्यांनी गवारीचे एक देठ मोडले आणि म्हणाल्या, "ते झालं गं. पण स्वेटर मग पुरता कुणी घातला?"

मला हसू आले. पण पुढचा सारा चित्रपट मी त्या प्रश्नाच्या चष्म्यातून पाहिला, हे कबूल केले पाहिजे.

चित्रपट २०१४ सालचा. दिग्दर्शक जेम्स मार्श, पटकथाकार अँथनी मॅकार्टन. हॉकिंगचे काम करणाऱ्या एडी रेडमेनला त्याबद्दल ऑस्कर मिळाले आणि ते त्याला मिळायलाच हवे होते. चित्रपटाचे चित्रण काही कथेच्या क्रमाने होत नसते. सकाळी काठी टेकत चालायचे आणि दुपारी चाकाच्या खुर्चीत मान टाकून बसायचे, असेही होते. म्हणून या नटाने हॉकिंगचा कोणता स्नायू केव्हा गेला याचा तक्ताच तयार केला होता, आणि हा आजार झालेल्या माणसांना प्रत्यक्ष भेटून त्यांच्या हालचाली पाहिल्या होत्या. शेवटी शेवटी तर त्याच्यापाशी अभिनयाला भुवया आणि डोळे एवढेच उरतात. तेवढ्यावर तो आपल्याला हसवतो. स्वतः हॉकिंगनी चित्रपट पाहून तो बव्हंशी खरा असल्याचे सांगितले आणि जगाच्या ओळखीचा झालेला आपला यंत्राचा आवाज त्यात वापरू दिला.

कथेचा आधार मात्र शास्त्रज्ञाचे लिखाण नव्हे. जेनने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या तिच्या आठवणींवर ही पटकथा रचलेली आहे. विश्वाचे कोडे नवऱ्याने मांडले. घरातले बायकोने लिहून ठेवले.

हॉकिंगचा जन्म ८ जानेवारी १९४२ चा, ऑक्सफर्डचा. १९६२ मध्ये तो केंब्रिजला संशोधनासाठी आला. त्याला शिकायचे होते फ्रेड हॉईल यांच्या हाताखाली. मिळाले डेनिस शामा. हॉईल यांचे शिष्य होते आपले जयंत नारळीकर. त्या काळी नारळीकर आणि हॉकिंग टेबल-टेनिस खेळल्याची एक आठवण आहे. आज ती वाचताना अंगावर काटा येतो, कारण ती बॅट धरणारा हात पुढे फार दिवस चालायचा नव्हता. १९६४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत हॉईल आपला आणि नारळीकरांचा नवा सिद्धान्त मांडत असताना, सभेतून उठून 'तुमच्या गणितातली एक राशी अनंत होते' असे सांगणारा पोरगेला विद्यार्थी हाच. तेव्हा त्याच्या हातात काठी आलेली होती.

आजाराचे निदान झाले १९६३ च्या आरंभी, एकविसाव्या वर्षी. मेंदू आणि पाठीचा कणा यांतल्या ज्या पेशी स्नायूंना हलायचा हुकूम देतात, त्याच एकामागून एक मरत जातात. हुकूम येईनासा झाला की स्नायू वाळतात. आधी हातपाय, मग गिळणे, बोलणे, शेवटी श्वास. यातली क्रूर गंमत अशी, की डास चावलेला कळतो, पण त्याला हाकलता येत नाही. आणि बुद्धी बहुधा शाबूत राहून हे सारे पाहत असते. डॉक्टरांनी दोन वर्षांची मुदत दिली. हे ठाऊक असताना जेन वाइल्ड नावाच्या, भाषा शिकणाऱ्या, चर्चला जाणाऱ्या मुलीने १९६५ च्या जुलैमध्ये त्याच्याशी लग्न केले. दोन वर्षांचा संसार मनाशी धरून माणूस बोहल्यावर चढते. संसार झाला पंचवीस वर्षांचा.

चित्रपटात ही वर्षे झरझर जातात. १९६७ मध्ये मुलगा, १९७० मध्ये मुलगी, १९७९ मध्ये धाकटा. एक दृश्य मात्र तेथे थांबते आणि त्याबद्दल मी दिग्दर्शकाला शंभर गुन्हे माफ करीन. मंडळी जेवणाच्या टेबलाशी हसतखेळत बसली आहेत. हॉकिंगला घास तोंडापर्यंत नेता येत नाही. तो उठून निघतो आणि जिन्यावरून सरपटत, एकेक पायरी कोपरांनी ओढत वर जाऊ लागतो. वरच्या टोकाला लाकडी फाटकाआड त्याचा तान्हा मुलगा उभा आहे. दोघे एकमेकांकडे पाहतात. एक चालायला शिकतो आहे, दुसरा विसरतो आहे.

पण काकूंचा प्रश्न राहतोच. हॉकिंगनीच सांगितले आहे, की मुलीच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांनी, रात्री अंथरुणावर पडायला जाताना त्यांना कृष्णविवरांबद्दलचा एक महत्त्वाचा विचार सुचला. आजारामुळे अंथरुणात शिरायलाच फार वेळ लागे, त्यामुळे विचाराला सवड भरपूर होती. ही त्यांची विनोदाची धाटणी, आणि ती गोडच आहे. परंतु त्याच घटकेला त्याच घरात काही दिवसांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा होता. त्या बाईच्या सवडीचे काय? बाहेरची परिचारिका घरात नको, आपण आजारी आहोत असे दिसता कामा नये, हा त्यांचा बाणा. तो बाणा निभावला कुणी? १९७४ मध्ये कॅलिफोर्नियाला जायचे ठरले, तेव्हा एका संशोधक विद्यार्थ्याने घरीच राहावे आणि मदत करावी, ही तोड जेननेच काढली. तोवर उचलणे, न्हाऊ घालणे, भरवणे सगळे तिच्याकडे. स्पेनच्या मध्ययुगीन काव्यावरचा तिचा स्वतःचा प्रबंध पुरा व्हायला १९८१ साल उजाडले. चित्रपटात आपल्या धावपळीला, विशेषतः त्या प्रवासांच्या बांधाबांधीला, पुरेशी जागा मिळाली नाही, अशी तिची तक्रार होती. ती मला अगदी पटते.

मग येतो जोनाथन. चर्चमधल्या गायनवृंदाचा संचालक, बायको कर्करोगाने गेलेली, एकटा. तो मुलांना शिकवतो, हॉकिंगना उचलतो, भरवतो आणि हळूहळू घरचाच होतो. जेनच्या मनात काय आहे, हे तिला कळते, त्याला कळते, नवऱ्यालाही कळते. कुणी मोठ्याने बोलत नाही. इथे आमच्या घरातही मतभेद झाला. आमच्या यांनी मागच्या खोलीतून येऊन दहा मिनिटे चित्रपट पाहिला आणि "एवढं केलं, आणि शेवटी हे," असा निकाल देऊन ते चहा मागायला लागले.

१९८५ मध्ये हॉकिंग स्वित्झर्लंडमध्ये असताना न्यूमोनियाने अत्यवस्थ झाले. (चित्रपटाने ते फ्रान्समध्ये, संगीताच्या मैफलीत दाखवले आहे; कारण उघड आहे, मैफल दिसायला बरी.) श्वासाचे यंत्र बंद करू का, असे डॉक्टरांनी जेनला विचारले. तिने नकार दिला. गळ्याला छेद देऊन जीव वाचला, पण वाचा कायमची गेली. अक्षरांच्या तक्त्यावर भुवई उचलून एकेक अक्षर जुळवायचे, मग संगणकाचा आवाज आला, १९८८ मध्ये काळाच्या इतिहासावरचे ते पुस्तक निघाले आणि त्याच्या कोटीच्या वर प्रती खपल्या. घरात आता परिचारिका आल्या होत्या. त्यांतल्याच एकीसाठी, एलेनसाठी, १९९० मध्ये हॉकिंगनी घर सोडले. १९९५ मध्ये घटस्फोट आणि त्यांचे दुसरे लग्न. १९९७ मध्ये जेनने जोनाथनशी लग्न केले. २००१ च्या जानेवारीत हॉकिंग मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या परिषदेला आले होते आणि त्यांचा ५९ वा वाढदिवस इथेच झाला, तो या सगळ्यानंतर. दोन वर्षांची मुदत मिळालेला हा माणूस २०१८ च्या मार्चपर्यंत, ७६ वर्षे जगला.

चित्रपट हा सारा शेवट फार हळुवार करतो. बागेत तिन्ही मुले खेळताहेत, दोघे पाहताहेत, आणि मग सारी वर्षे उलटी फिरत पहिल्या भेटीपर्यंत जातात. मला तो थोडा जास्त गोड वाटला. मी डोळे पुसले, ती गोष्ट वेगळी.

काकू मात्र कोरड्या होत्या. काकांना कंपवात होता. चौदा वर्षे. ते मी या घरात येण्याआधीचे. मला ऐकून माहीत. वटपौर्णिमेला चाळीतल्या बायका काकूंच्या पाया पडत, 'खरी सावित्री' म्हणत, हेही ऐकलेले. त्यांच्यापैकी कुणी दुपारची घटकाभर काकांजवळ बसायला येई का, हे मात्र ऐकलेले नव्हते आणि मी कधी विचारलेही नव्हते.

"तो गाणं शिकवणारा चांगला होता," काकू म्हणाल्या. "यांना काय कळतंय! पुरुषाला उचलायचं म्हणजे बाईच्या कमरेचं काय होतं, ते उचलल्याशिवाय नाही कळत."

"काकांना तुम्ही एकट्या उचलत होता?"

"पहिली चार वर्षं नाही. समोरच्या बिऱ्हाडातले एक मास्तर यायचे. संध्याकाळी शाळेतून आले की कोट काढून आधी इकडे. ह्यांना उचलून गॅलरीत बसवायचे, पेपर वाचून दाखवायचे. ह्यांना फार बरं वाटायचं."

"मग?"

"मग काय. लोक बोलायला लागले. सासूबाईंच्या कानावर गेलं. मीच मास्तरांना म्हटलं, उद्यापासून नका येऊ."

त्यांनी मांडीवरची गवार सुपात ओतली.

"ह्यांनी आठवडाभर विचारलं, मास्तर का येत नाहीत म्हणून. बोलणं तेव्हा थोडं थोडं कळायचं त्यांचं. मी सांगितलं, त्यांची बदली झाली. आणि समोरच्या गॅलरीतून तर रोज दिसायचे."