'घर बंद' लिहिणारे डॉक्टर

विद्यार्थ्यांना सामाजिक वैद्यकशास्त्रात रस किती, हे प्रश्नावलीने मोजले जाते. 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत', त्यावर गुण, गुणांची बेरीज, आणि निष्कर्ष निघतो की मुलांना रस नाही! परंतु रस यावा असे आपण त्यांना दाखवतो तरी काय?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली एमबीबीएसला कुटुंब दत्तक उपक्रम आणला. पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्याने खेड्यातील काही कुटुंबांच्या आरोग्याची नोंद ठेवायची. (कष्टकरी माणसाला 'दत्तक' घेणे हा शब्दच आम्हाला खटकतो. तो काय अनाथ आहे?) हेतू चांगला आहे. आता हा उपक्रम माळशेज घाटाखालच्या वैशाखरे परिसरात नेऊन पाहा. मुरबाड-शहापूरच्या या पट्ट्यातील कातकरी कुटुंबे उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात आलेला विद्यार्थी वहीत 'घर बंद' लिहील आणि गाडीत बसेल. भट्टीवरच्या पोराची लस, गरोदर बाईची तपासणी, बापाच्या डोक्यावरची उचल या वहीत कुठे लिहायची?

शेजाऱ्याला "ही माणसे कुठे गेली, का गेली?" असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला रस आहे, असे आम्ही समजतो. प्रश्नावलीत त्याला एकही गुण नाही.

सामाजिक डॉक्टर घडवा, असे भोर समितीने १९४६ सालीच सांगितले होते. दत्तक घेतलेले कुटुंब भट्टीवर गेले, तर विद्यार्थ्यालाही भट्टीवर पाठवा आणि त्या दिवसाची हजेरी धरा, अशी आमची मागणी आहे.