पातळ पत्र्याची पर्लिन : वजन हलके, हिशेब पक्का हवा

वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर या भागात सोयाबीनची गोदामे, जिनिंगचे शेड, दुकानांमागचे पत्र्याचे आडोसे ही कामे आमच्या अनेक वेल्डर व फॅब्रिकेटर बंधूंच्या हाती असतात. पत्र्याखाली जाड चॅनेल टाकण्याची जुनी रीत आहे. आता गिऱ्हाईक 'सी' आणि 'झेड' पर्लिनचा भाव विचारते. लोखंड किलोवर घ्यावे लागत असल्याने यातला हिशेब समजून घेणे फायद्याचे आहे.

१०० मि.मी.चा गरम रोल केलेला चॅनेल मीटरला नऊ किलोहून अधिक भरतो. २ मि.मी. पत्रा थंड वाकवून केलेली, २०० मि.मी. उंच, ६० मि.मी. रुंद व २० मि.मी. ओठाची सी पर्लिन साडेपाच किलोच्या आसपास भरते. तरीही तिचा लवण्यास होणारा विरोध चॅनेलच्या दुपटीहून जास्त! लोखंड मध्यापासून दुप्पट अंतरावर नेले की त्याचा विरोध चौपट होतो, ही त्यातली किमया.

मग पत्रा आणखी पातळ का करू नये? मेख इथेच आहे. पातळ पत्रा तुटण्याआधी लाटेसारखा फुगतो. रुंदी तीच ठेवून जाडी निम्मी केली, तर फुगण्यापूर्वी पेलवणारा ताण चौथाईवर येतो. कडेचा ओठ शोभेसाठी नसतो. तो फ्लँजची मोकळी कड आवरून धरतो. फुगल्यावरही कोपऱ्यांजवळचा भाग भार घेत राहतो, हे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जॉर्ज विंटर यांनी प्रयोगांनी दाखविले. १९४६ साली तिकडे पहिली नियमावली निघाली. आपल्याकडे आय.एस. ८०१ (१९७५) आहे.

आमच्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते वाऱ्याकडे. वादळात वारा छप्पर वर ओढतो. तेव्हा दाब खालच्या फ्लँजवर येतो आणि तिला पत्र्याचा आधार नसतो, म्हणून ती आडवी कलते. मध्ये अँगलचे आडवे दुवे द्यायचे ते यासाठी. आय.एस. ८७५ मध्ये वाऱ्याचा मूळ वेग नागपूरला सेकंदाला ४४ मीटर, तर औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) ३९ मीटर दिला आहे. वाशिम या दोहोंच्या मध्ये. वेगातला हा फरक लहान दिसतो, पण दाबात तो सव्वापट होतो. इंजिनिअरकडून नकाशा पाहूनच आकडा घ्यावा.

कैचीवर पर्लिन थेट वेल्ड करू नये. पातळ पत्रा जळतो, जस्ताचा थर जातो, धूरही बाधतो. क्लीट लावून बोल्ट मारावेत. गंजाने अर्धा मि.मी. खाल्ला तर ६ मि.मी.च्या पट्टीचा बारावा भाग जातो, २ मि.मी.चा मात्र चौथा.

माल उतरवताना मायक्रोमीटर लावा. २ मि.मी. म्हणून १.६ चा माल आला तर वजन पाचवा हिस्सा घटते, पण फुगण्याविरुद्धची ताकद तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कमी होते.