पुरेसे नाते नाही

काठमांडूतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी एका म्हाताऱ्याचा अर्ज फेटाळला. कारण काय, तर ब्रिटनशी आपले घट्ट नाते असल्याचे अर्जदार दाखवू शकलेला नाही! हृदयविकार, दमा, मधुमेह अशी दुखणी जडलेल्या, ऐंशी उलटलेल्या या माणसाला उपचारांसाठी ब्रिटनमध्ये राहायचे होते. त्याचे नाव टुलबहादूर पुन, व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटनच्या सर्वोच्च शौर्यपदकाचा मानकरी.

पहिल्या महायुद्धातले अखेरचे सैनिक कोण उरले, याची युरोपने डोळ्यांत तेल घालून नोंद ठेवली. फ्रान्सचे लाझार पोंतिसेली २००८ मध्ये ११०व्या वर्षी गेले, ब्रिटनचे हॅरी पॅच २००९ मध्ये १११व्या वर्षी. त्यांच्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनसाठीच लढलेल्या हिंदी आणि गुरखा म्हाताऱ्यांचा माग काढू लागले, की मात्र लढाया बाजूला राहतात आणि पेन्शनचे कागद हाती येऊ लागतात.

२३ जून १९४४, ब्रह्मदेशातले मोगाऊंग. ‘रेड हाउस’ म्हटल्या जाणाऱ्या घरातून जपानी मशिनगनांचा मारा चालू होता. पुन यांची तुकडी गारद झाली. उरले तिघे, त्यातले दोघे लगेच जायबंदी. पुन यांनी ब्रेनगन उचलली, कमरेशी धरली आणि चिखल, खड्डे, उन्मळून पडलेली झाडे तुडवत एकट्याने घरावर चाल केली. तिघे मारले, पाच पळवून लावले, दोन मशिनगना ताब्यात घेतल्या. १९५३ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाला त्यांना लंडनचे आमंत्रण होते. तेव्हा नाते पुरेसे होते.

म्हातारपणी ते पेन्शन आणायला पोखऱ्याला जात. पाय चालेनासे झाल्यावर त्यांना वेताच्या टोपलीत बसवून माणसे डोंगर उतरवीत. आपल्याकडे वाड्यावस्त्यांवर आजारी माणसाला डोलीतून खाली आणतात, तसेच.

२००७ मध्ये ब्रिटिश वर्तमानपत्रांनी पुन यांच्या अर्जाला मिळालेल्या नकाराविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा सरकारने अपवाद म्हणून परवानगी दिली. ४ जुलैला पुन लंडनच्या विमानतळावर उतरले, चाकाच्या खुर्चीतून. पण बाकीच्या गुरख्यांचे काय? अभिनेत्री जोआना लम्ली यांनी तो प्रश्न लावून धरला. त्यांचे वडील मेजर जेम्स लम्ली पुन यांच्याच सहाव्या गुरखा रायफल्समधले. २९ एप्रिल २००९ रोजी ब्रिटिश संसदेत २६७ विरुद्ध २४६ मतांनी सरकार हरले. पुढच्याच महिन्यात चार वर्षे नोकरी झालेल्या निवृत्त गुरख्यांना ब्रिटनमध्ये स्थायिक होण्याची मुभा मिळाली. त्यातल्या कितीतरी जणांचे उभे आयुष्य तोवर सरून गेले होते.

व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी यशवंत घाडगे महाराष्ट्राला ठाऊक आहेत. जुलै १९४४ मध्ये इटलीत ते पडले, माणगावात त्यांचा पुतळा आहे. इटलीतच, ९ एप्रिल १९४५ रोजी, सेनिओ नदीच्या पाण्यातून आणि सुरुंगांतून दोन जखमींना पाठुंगळी आणणारे तेव्हाच्या नगर जिल्ह्यातले, त्याच पदकाचे मानकरी नामदेव जाधव युद्धातून परतले आणि १९८४ पर्यंत जगले. घाडग्यांचे नाव घेणाऱ्या किती जणांना जाधव आठवतात?

हेच पदक मिळालेले हरियाणातल्या पालऱ्याचे उमरावसिंग तर पुढे जिवंत दंतकथाच व्हायला हवे होते. डिसेंबर १९४४ मध्ये ब्रह्मदेशातल्या कलादानच्या खोऱ्यात तोफ वाचवताना त्यांनी शेवटी तोफेचा लोखंडी दांडा, आपल्या पहारीसारखा, हाती घेतला. सहा तासांनी ते सापडले, अंगावर सात मोठ्या जखमा आणि भोवती दहा जपानी सैनिक मरून पडलेले.

१९९५ मध्ये युद्धसमाप्तीच्या पन्नाशीचा सोहळा लंडनला झाला. पाहुण्यांच्या यादीत नाव नाही म्हणून उमरावसिंगांना मानाच्या तंबूच्या दारातच अडवले. एका ब्रिगेडियरने छातीवरचे पदक ओळखले, म्हणून खुर्ची मिळाली. तिथे पंतप्रधान जॉन मेजर भेटताच त्यांनी पेन्शनची गोष्ट काढली. ब्रिटनकडून मिळत होते वर्षाला १६८ पौंड, म्हणजे महिन्याला १४! पस्तीसेक वर्षांपूर्वी ठरलेला हा आकडा कोणी हलवलाच नव्हता. हयात असलेल्या दहा हिंदी मानकऱ्यांची पेन्शन त्यानंतर वर्षाला १,३०० पौंड झाली. ती वाढ एका म्हाताऱ्याने तंबूत उभे राहून मागून घेतली.

घरी दोन एकर शेती. पदकासाठी मोठमोठ्या रकमा देऊ करणारे येत. पदक विकले तर रणात पडलेल्या सोबत्यांच्या नावाला बट्टा लागेल, असे ते सांगत. २१ नोव्हेंबर २००५ रोजी दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात कर्करोगाने ते गेले. अंत्यविधीला लष्करप्रमुख आले होते, मुख्यमंत्रीही आले होते. पदक शेवटपर्यंत विकलेले नव्हते.