बल्ब नवा, तरीही उजेड मंद. दोष अनेकदा ‘अर्थिंग’चा

उमरखेड, प्रतिनिधी – तुळजापूर-नागपूर महामार्गावरील उमरखेड परिसर हा पैनगंगेकाठचा ऊसपट्टा. गळीत हंगामात येथे उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वाहतूक रात्रीही सुरू असते. अंधारात मागून येणाऱ्या चालकास पुढील वाहनाची सूचना देतो तो लाल दिवाच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटार वाहनाचा मागील लाल दिवा १५५ मीटर अंतरावरून दिसणे आवश्यक आहे. हा दिवा मंदावला की प्रथम बल्ब बदलला जातो. दोष मात्र अनेकदा अर्थिंगमध्ये असतो.

परतीचा मार्ग

बॅटरीच्या धन टोकाकडून वायरने दिव्यापर्यंत आलेला प्रवाह ऋण टोकाकडे परततो तो बहुधा वाहनाच्या लोखंडी सांगाड्यातून. दिवा आणि सांगाडा यांना जोडणारी वायर वा स्क्रू म्हणजे अर्थिंग. तेथे गंज, चिखल किंवा रंगाचा थर साचल्यास प्रवाहाला अडथळा होतो. १२ व्होल्टवरील २१ वॉटचा ब्रेकलाइट सुमारे पावणेदोन अँपिअर प्रवाह घेतो. जोडात अवघा १ ओहम अडथळा आला, तरी सुमारे दीड व्होल्ट तेथेच खर्ची पडतो आणि उजेड बराच घटतो.

अशी असतात लक्षणे

नेहमीचा मार्ग अडला की प्रवाह शेजारच्या दिव्यातून वाट शोधतो. त्यामुळे इंडिकेटर लावताच टेललाइटही लुकलुकतो किंवा ब्रेक दाबताच इंडिकेटर मिणमिणतो. एका दिव्याचा परिणाम दुसऱ्यावर दिसल्यास अर्थिंग तपासावे.

तपासणी कशी करावी?

प्रथम होल्डरवर धन बाजूचा पुरवठा पूर्ण येतो का, ते पाहावे. त्यानंतर दिवा चालू ठेवूनच मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावावा. त्याची एक तार बॅटरीच्या ऋण टोकास, तर दुसरी होल्डरच्या अर्थिंगच्या टोकास लावावी. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असल्यास जोड ठीक समजावा. अर्धा व्होल्ट वा अधिक असल्यास दोष तेथेच आहे. मीटर नसल्यास बॅटरीच्या ऋण टोकापासून होल्डरच्या अर्थिंगपर्यंत तात्पुरती वायर जोडावी. दिवा लगेच प्रखर झाला, तर निदान पक्के. दिवा बंद ठेवून केवळ ओहम मोजणे फसवे ठरते. वायरचा एकच धागा शाबूत असला तरी मीटर जोड चांगला असल्याचे दाखवतो. भार पडल्यावर मात्र तो धागा अपुरा पडतो.

दुरुस्ती अल्पखर्चाची आहे. जोड सोडून पॉलिशपेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावा, बोल्ट घट्ट आवळावा आणि वरून ग्रीस लावावे. ट्रॉलीच्या दिव्यांचे अर्थिंग हुकच्या पिनेवर सोडू नये. पिनेवरील ग्रीस, गंज आणि हादरे यांमुळे तो जोड सतत तुटतो. ट्रॅक्टरपासून ट्रॉलीपर्यंत अर्थिंगची स्वतंत्र वायर ओढणे हाच खात्रीचा उपाय होय.