कसम परेडला जाताना काय घालावे?

मुलाच्या किंवा मुलीच्या ट्रेनिंग सेंटरमधून कसम परेडची, म्हणजे ट्रेनिंगच्या शेवटी शपथ घेण्याच्या संचलनाची, तारीख कळली की घरात आनंद होतो आणि त्याच्या पाठोपाठ एक संकोच येतो. रजा, गाडीचे तिकीट, गोठ्यातल्या जनावरांची सोय हे सगळे जमवता येते. "तिथे मोठमोठे साहेब असणार, आपण काय घालून जायचे?" हा प्रश्न मात्र अनेक दिवस घोळत राहतो. वडील कुणाचा तरी कोट मागून आणतात, आई टाचांच्या नव्या चपला घेते, धाकटा भाऊ बाजारातून मिलिटरी छापाचा टी-शर्ट उचलतो. यातल्या पहिल्या दोन गोष्टींची गरज नाही. तिसरी टाळायलाच हवी.

सगळ्यात घट्ट रुतलेला गैरसमज सूट-बुटाचा आहे. लष्कराच्या कार्यक्रमाला पाहुण्यांनी कोट-टाय लावूनच जावे लागते, असे अनेक घरांत मानले जाते. हा समज येतो अधिकाऱ्यांच्या अकादम्यांमधून. तिथल्या निमंत्रणपत्रिकेवर पोशाखाचा उल्लेख असतो आणि पुरुष पाहुणे बहुधा सूट किंवा बंदगळा घालून येतात. पण तिथेही भारतीय पोशाख कमीपणाचा समजला जात नाही. जवानांच्या सेंटरमध्ये तर चित्र अगदी वेगळे असते. बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्रीचे सेंटर घ्या, खडकीचे बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे, नाशिक रोडचे तोफखान्याचे, कामठीचे गार्ड्सचे किंवा सागरचे महार रेजिमेंटचे. परेड पाहायला बसलेले बहुतेक पाहुणे शेतकरी, कामगार, शिक्षक, दुकानदार अशा घरांतले असतात. धोतर-सदरा आणि गांधी टोपी, लेंगा-झब्बा, साधी पँट-शर्ट, नऊवारी, पाचवारी, सलवार-कमीज, बुरखा, सगळे तिथे शोभते. मराठा रेजिमेंट 1768 सालापासूनची आहे आणि तिची युद्धघोषणा शिवछत्रपतींच्या नावाची आहे. त्या मैदानावर फेट्याला किंवा नऊवारीला परके वाटण्याचे कारणच नाही.

कपडे स्वच्छ, इस्त्री केलेले, अंगाला नीट बसणारे आणि सवयीचे असावेत, एवढे पुरे. उसना कोट खांद्यात दाटला तर माणूस दिवसभर तोच सावरत बसतो.

कपड्यांचा विचार करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. अलीकडे अनेक सेंटरांमध्ये नव्या जवानांच्या आईवडिलांना 'गौरव पदक' देऊन त्यांचा सन्मान केला जातो. हे पदक कपड्यावर टाचायचे झाले तर छातीचा भाग मोकळा हवा. अंगभर शाल, भरगच्च जरीकाम किंवा एकावर एक तीन-चार हार असतील तर अडचण होते. त्या दिवशीचा फोटो पुढे घरातल्या भिंतीवर लागणार असतो. त्यात पदक दिसायला हवे.

आता तो मिलिटरी छापाचा टी-शर्ट. यामागची भावना चांगली असते: भाऊ फौजी झाला, मग आपणही तसेच दिसावे. पण त्या दिवशी तो गणवेश ज्याने कमावला त्याचाच आहे. सहा-सात महिने पहाटे उठून, पळून, रांगून, भर उन्हात ड्रिल करून तो त्याच्या अंगावर आला आहे. हा झाला मानाचा भाग. कायद्याचा भागही आहे. आपण सैनिक आहोत असा समज व्हावा या हेतूने सैनिकासारखा पोशाख किंवा खूण वापरणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली गुन्हा आहे. आधी तो भारतीय दंड संहितेच्या कलम 140 मध्ये होता. नुसता हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचा टी-शर्ट घातला म्हणून कुणी लगेच गुन्हेगार ठरत नाही, कारण कायदा हेतू पाहतो. पण लष्करी आवारात गेटवरचा जवान असा पोशाख पाहून तुम्हाला थांबवू शकतो. लष्कराने 15 जानेवारी 2022 च्या सेनादिनी जो नवा लढाऊ गणवेश पहिल्यांदा दाखवला, त्याच्या डिझाइनची तर नोंदणीच केलेली आहे. ते कापड खुल्या बाजारात विकणे लष्कराला मान्य नाही. पाच वर्षांच्या पुतण्याला हौसेने घातलेला छोटा गणवेशही घरच्या फोटोपुरता ठेवावा.

तिरंग्याबद्दलही असाच घोटाळा होतो. देशासाठीचा कार्यक्रम आहे, मग तिरंग्याची साडी किंवा ओढणी का नको? केशरी, पांढरा, हिरवा हे रंग वापरायला कुणाची हरकत नाही. पण अशोकचक्रासह राष्ट्रध्वजाचे चित्र कपड्यावर असेल तर 1971 चा राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक कायदा लागू होतो. 2005 मध्ये त्यात दुरुस्ती झाली. तिच्यानुसार कमरेखाली घालायच्या कोणत्याही वस्त्रावर ध्वज चालत नाही, रुमालावर आणि उशीवरही चालत नाही. म्हणजे ध्वज छापलेली साडी, जिचा निऱ्यांचा भाग कमरेखालीच येणार, ती नकोच. छातीवर छोटा ध्वजबिल्ला लावावा. तो सुंदर दिसतो आणि नियमातही बसतो.

कपड्यांची खरी परीक्षा हवामान घेते आणि नेमका तोच विचार सगळ्यात कमी केला जातो. परेड बहुधा सकाळी लवकर असते, पाहुण्यांना त्याआधी बराच वेळ जागेवर बसावे लागते आणि परेड संपल्यावर उन्हात भेटीगाठी होतात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, दीक्षान्त संचलन मेअखेर आणि नोव्हेंबरअखेर होते. मेमध्ये खेत्रपाल परेड ग्राउंडवर सकाळी आठलाच ऊन चढू लागते. सुती कपडे, टोपी किंवा डोक्यावर पदर हवा. नोव्हेंबरात त्याच जागी पहाटे थंडी बोचते. बेळगाव पठारावर आहे, जून ते सप्टेंबर तिथे झड लागते. पायघोळ घेर चिखलात भरतो आणि रेशीम भिजले की वाया जाते. नाशिकची जानेवारीतली पहाट काय असते ते निफाडच्या द्राक्षबागायतदारांना विचारा. डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीत संचलन जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये असते. कोकणातून किंवा गोव्यातून डिसेंबरात तिथे जाणाऱ्यांनी स्वेटर, मोजे आणि कानटोपी बॅगेत वरच ठेवावी, त्यात लाज नाही. थंडीने कुडकुडणाऱ्या आजोबांना पाहून परेडमधल्या नातवाचा जीव अर्धा होतो.

सगळीकडे सकाळचीच वेळ असेल असेही धरू नका. नौदलाच्या अग्निवीरांचे ट्रेनिंग ओडिशात आयएनएस चिल्का इथे होते. तिथल्या पहिल्या तुकडीची परेड 28 मार्च 2023 रोजी सूर्यास्तानंतर झाली. आपल्या सैन्यदलांत अशी परेड सूर्यास्तानंतर होण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या 2,585 अग्निवीरांमध्ये 273 मुली होत्या. सरोवराकाठची दमट संध्याकाळ असेल तर पूर्ण बाह्यांचे हलके सुती कपडे सगळ्यात बरे. वेळ आणि जागा पत्रात पाहूनच कपडे ठरवावेत.

पायांबद्दल थोडक्यात सांगतो. टाचांच्या चपला हिरवळीत रुततात आणि कच्च्या जागेवर पाय मुरगळतो. परेडमध्ये निशाण, म्हणजे रेजिमेंटचा ध्वज, येतो तेव्हा आणि राष्ट्रगीताला सगळ्यांनी उठून उभे राहायचे असते. एकदा नव्हे, अनेकदा. म्हणून सपाट, वापरून सवयीचे झालेले चपला-बूट बरे. साध्या कपड्यांतल्या माणसाने त्या वेळी सावधान उभे राहावे, सलाम ठोकण्याची गरज नाही.

आणखी एक गफलत एनडीएच्या बाबतीत होते. अनेक आईवडील तिथे मुलाच्या खांद्यावर स्टार लावायच्या तयारीने जातात. एनडीएतून बाहेर पडणारा कॅडेट अजून अधिकारी झालेला नसतो. तो पुढे डेहराडूनच्या, नौदलाच्या एळिमलातल्या किंवा हवाई दलाच्या दुंडिगलमधल्या अकादमीत जातो. खांद्यावर स्टार लावण्याचा मान आईवडिलांना मिळतो तो डेहराडूनला किंवा चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत. एनडीएत मात्र परेडच्या आदल्या दिवशी पदवीप्रदान असते, ते सभागृहात. तिथे जाणाऱ्यांनी दोन जोड न्यावेत: एक सभागृहासाठी, एक उन्हातल्या मैदानासाठी. स्टार लावायच्या दिवशी आईच्या हातात लोंबणारी कंकणे आणि लांब नखे नसावीत. गणवेशाच्या दोरीत ती अडकतात आणि आधीच थरथरणाऱ्या हातांची पंचाईत होते.

वडील किंवा आजोबा माजी सैनिक असतील तर त्यांनी आपली पदके जरूर लावावीत, डाव्या छातीवर. काही जण संकोचाने ती पेटीतच ठेवतात. कृपया ठेवू नका. दिवंगत आजोबांची पदके घरच्यांनी लावायची असतील तर ती उजव्या बाजूला लावण्याचा संकेत आहे. त्यावरून पाहणाऱ्याला कळते की पदक कुणाचे आणि मान कुणाचा.

आपल्याकडे ओवाळल्याशिवाय आईचे समाधान होत नाही. परेडनंतर अंगणात किंवा झाडाखाली ओवाळायला हरकत नसते, पण कुंकू कपाळापुरतेच राहील असे पाहा, विशेषतः नौदलाच्या पांढऱ्या गणवेशावर. गावात मिरवणूक काढाल तेव्हा गुलाल उधळण्याआधी मुलाला गणवेश बदलू द्यावा. आई पोटाशी धरते तेव्हा तिच्या खांद्यावरची सेफ्टी पिन त्याच्या छातीला लागते, ती आधीच आतल्या बाजूला वळवून ठेवावी.

अमेरिकेत मरीन कोअरच्या पॅरिस आयलंड किंवा सॅन डिएगोच्या बूट कॅम्पच्या, म्हणजे ट्रेनिंग सेंटरच्या, परेडला घरचे लोक मुलाचे नाव छापलेले एकसारखे टी-शर्ट घालून जातात. तिथे ती रीत आहे, आणि तिकडच्या मराठी घरांनी ती पाळली तर उत्तमच. आपल्या सेंटरांत तिची गरज नाही.

गेटवर कपड्यांइतकेच तपासले जाते ते ओळखपत्र. आधार किंवा मतदार ओळखपत्र मूळ प्रत घ्या, झेरॉक्सवर विसंबू नका. भरपूर सोने घालू नका, मोठ्या पिशव्या आणू नका. आणि घरात नऊवारी नेसणारी आजी "मी कशाला, तिथं शोभणार नाही" म्हणत असेल तर तिचे ऐकू नका. जेवढ्या माणसांची परवानगी मिळेल त्यात तिचे नाव आधी लिहा.