रोल धुवायला देण्यापूर्वी

जुन्या कॅमेऱ्यात राहून गेलेला कृष्णधवल रोल रंगीत फिल्म धुणाऱ्या लॅबमध्ये दिला, तर त्यावरची चित्रे कायमची पुसली जातात. कारण रसायनात आहे. रंगीत फिल्मवर प्रतिमा रंगद्रव्यांची बनते; म्हणून कोडॅकने १९७२ मध्ये आणलेल्या ‘सी-४१’ प्रक्रियेत सगळी चांदी काढून टाकतात. कृष्णधवल फिल्मवर मात्र चांदी हीच प्रतिमा! अपवाद ‘इल्फर्ड एक्सपी-२’सारख्या फिल्मचा, तिची प्रतिमाही रंगद्रव्यांचीच. तेव्हा ‘कोणत्या रसायनात धुणार?’ हे आधी विचारावे. स्कॅन करताना धूळ पुसणारी इन्फ्रारेड सोय बंद ठेवायला सांगावे. चांदी ते किरण अडवते आणि यंत्र तिलाच धूळ समजते. निगेटिव्ह आठवणीने परत घ्यावी. स्कॅन ही नक्कल. अस्सल कागद तीच.